मागून धावणाऱ्या इंगोले बाई

इंगोले बाई धावायला निघाल्या की कधीच पुढे नसतात. वयाने त्या माझ्याहून मोठ्या, शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेल्या, आणि मनात आणलं तर आजही मला पहिल्याच वळणावर सोडून दिसेनाशा होतील. पण नाही. मी पुढे, त्या मागे. माझ्या पाठीशी त्यांच्या बुटांची थपथप, आणि त्या थपथपीतून ठरलेला प्रश्न:

"काय भाजी केली वं?"

पहाटेची वेळ. घरात अजून गॅस पेटलेला नसतो, डोळ्यांत झोप असते, नाकातून पाणी गळत असतं. अशा वेळी माणसाने भाजी कुठून करावी? पण बाईंचं त्यावर उत्तर तयार असतं. "आजची नसंल तं कालची सांग. कालची उरली असंल तं ते सांग. पण सांग."

आणि उत्तर तोंडाने द्यायचं. हुंकार चालत नाही. एकदा मी नुसतं "हूं" केलं तर बाई मागून कडाडल्या, "हूं नावाची भाजी कोणत्या बजारात भेटते?" मान हलवलेलीही चालत नाही. "मले मांगून तुही मान दिसत नाही. तोंड चालव."

बाईंशी माझी गाठ पडली ती मुंग्यांच्या पावडरीमुळे. शेलूबाजारला माझं कृषी केंद्र आहे. मालक, म्हणजे माझे यजमान, शेत पाहतात, काउंटर मी पाहते. बी-बियाणं, खत, फवारे, उंदराचं औषध, आणि डुकरं हाकलायला लागतं ते सगळं सामान माझ्याकडे मिळतं. बाई पावडर घ्यायला आल्या तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला सांगत होते, की मला शुगर निघाली, डॉक्टर चालायला सांगतो, पण दुकान सोडून मी कुठे चालू? बाईंनी पावडर पिशवीत टाकली, मला वरून खाली पाहिलं आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे दारावर थाप. दार उघडलं तर बाहेर इंगोले बाई, अंगात तांबडा मर्दानी स्वेटर, बाह्या कोपरापर्यंत गुंडाळलेल्या.

"बूट घाल."

"बूट नाहीत."

"मालकाचे घाल."

मालकाचे बूट घालून मी पहिल्यांदा चालले, काही महिन्यांनी स्वतःचे बूट घेऊन धावायला लागले. धावणं म्हणजे फार काही नाही. बाजूने जाणाऱ्या सायकलवाल्याला आमची दया यावी, असं. पण शुगर उतरली, गुडघा कुरकुरायचा थांबला आणि संध्याकाळी गिऱ्हाइकांवर खेकसणं कमी झालं. हे शेवटचं मालकांचं निरीक्षण आहे.

गावाने बाईंचं नाव 'भाजीवाल्या बाई' ठेवलं होतं. कारण प्रश्न काही माझ्या एकटीपुरता नव्हता. जीपच्या थांब्यावर उभ्या असलेल्या बायांना, दवाखान्याच्या रांगेत, कोणाच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी, त्या कोणालाही तो विचारत. त्यांच्या शेजारणीला वाटलं, बाई एकट्या राहतात, नवरा, म्हणजे सर, जाऊन किती वर्षं झाली, मुलगा पुण्याला. बिचारीला वाटीभर भाजी हवी असेल. तिने वाटी पाठवली. बाईंनी तशीच्या तशी परत पाठवली, वर निरोप, "मले भाजी नाही पायजे. कोणती केली ते पायजे."

मी व्यवहारी बाई. रोजची कटकट मिटावी म्हणून एका सोमवारी मी त्यांना सगळा आठवडा एकदमच सांगून टाकला. सोमवारी मेथी, मंगळवारी वरण-वांगं, असं शनिवारपर्यंत. मंगळवारी पहाटे मागून आवाज आला, "काय भाजी करतं आज?"

"बाई, काल सांगितलं ना."

"सांगतलं. मले मालूम हाय. तरी सांग."

शेवटी मी विचारलं, हे खूळ काय आहे? त्या म्हणाल्या, "धावता धावता बोलता येते म्हणजे दम बरोबर हाय. बोलणं बंद झालं की समजावं, गाडी गरम झाली." पीटीच्या शिक्षिकेचं म्हणणं. मला पटलं.

बाकी बाईंच्या सवयी सांगायच्या तर गावातल्या कुत्र्यांना त्या शाळेतल्या पोरांसारखं वागवतात. अंगावर आलेल्या कुत्र्याला "लाइनीत!" म्हणून ओरडतात, आणि खरं सांगते, कुत्री थबकतात. डांबरी रस्त्याचा त्यांना भयंकर राग. "डांबर म्हंजे गुडघ्याचा दुश्मन. माणसानं मातीत धावावं." आणि तो तांबडा स्वेटर. उन्हाळा सोडला तर तो अंगातच. मी एकदा नवा लेडीज स्वेटर आणून दिला. तो त्यांनी छान घडी करून कपाटात ठेवला आणि त्याची तब्येत विचारल्यासारखं मला अधूनमधून सांगतात, "तुहा स्वेटर चांगला हाय बरं."

आता त्या दिवसाचं सांगते.

डिसेंबर होता. माझा शुगरचा रिपोर्ट चांगला आला होता आणि मला शिंगं फुटली होती. मी म्हटलं, "बाई, आज रस्त्यानं नाही. पांदणीनं महादेवाच्या टेकडीवर जाऊ."

बाई म्हणाल्या, "पांदण कायले? रस्त्यानंच जाऊ."

डांबराला दुश्मन म्हणणारी बाई रस्त्याने जाऊ म्हणते, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मी म्हटलं, त्या शिवारातले सगळे शेतकरी माझे गिऱ्हाईक, कोणत्या बांधावर, कोणत्या धुऱ्यावर कोणतं झाड आहे ते मला माहीत. बाईंनी स्वेटरच्या बाह्या आणखी वर गुंडाळल्या. मग मी दुसरी अट घातली. "आणि आज भाजी बंद. एक दिवस. जरा पाखरं ऐकू द्या."

"थंडीत पाखरं नाही बोलत."

"मंग तुमीही नका बोलू."

त्यांनी ओठ मिटले. मी पुढे, त्या मागे, आणि आम्ही शेतांमधल्या गाडीवाटेवर, पांदणीत, शिरलो.

धुवारी पडली होती. आमच्याकडे धुक्याला धुवारी म्हणतात आणि कोणी तिचं कौतुक करत नाही, कारण तुरीचा फुलोरा गळतो. फवारणीचं औषध न्यायला गर्दी होते, म्हणून माझ्या दुकानाला मात्र अशा दिवसांत उसंत नसते. त्या पहाटे धुवारी इतकी होती, की दोन्ही बाजूंची डोक्याएवढी उंच तूर नुसती काळी भिंत वाटत होती. पायाखाली मऊ माती, दवाने भिजलेली. कानाला थंडी चावत होती. आणि कोणी भाजी विचारत नव्हतं. मला फार बरं वाटलं. आमचे दोघींचे पाय, थप थप थप थप, आणि माझा फुसफुसणारा श्वास. एवढाच काय तो आवाज.

हा आवाज बाहेरून कसा ऐकू येतो, याचा विचार मी केला नव्हता.

पांदण संपते तिथे दिगांबरचं शेत लागतं. हरभरा पेरलेला. हरभऱ्यावर रानडुकरं तुटून पडतात, एका रात्रीत वावर उकरून टाकतात, म्हणून आमच्याकडचे शेतकरी रात्रभर शेतात जागलीला असतात. दिगांबरही होता. रात्रभर जागून सकाळच्या वेळी त्याचा डोळा लागत होता, तेवढ्यात त्याला धुवारीतून पावलं ऐकू आली. माणसं असती तर बोलत आली असती. आमच्याकडचा माणूस शेतातून मुकाट्याने जातच नाही, तो लांबूनच हाका मारतो, खोकतो, निदान गाणं तरी म्हणतो. मुकाट्याने, चार पायांनी, नाकातून फुसफुसत येतं ते डुक्कर.

दिगांबरने बंदूक काढली. म्हणजे आवाजाची. प्लास्टिकच्या पाइपची, कार्बाइड टाकून बार काढायची. आठच दिवसांपूर्वी मीच विकली होती. "आवाज नाही आला तर घेऊन ये, बदलून देते," असं म्हणून.

आवाज आला.

माझ्या कानाजवळ आभाळ फाटलं, असं वाटलं. बाईंनी सांगितलेलं छाती पुढे, नजर समोर, सगळं विसरून मी वाट सोडून जी सुटले, ती हरभऱ्यातून, ढेकळांतून, आडवी झालेली जाळी ओलांडून, एका बांधावर चढले. मला वाटलं धुऱ्याचा बांध आहे, पलीकडे उतरलं की झालं. मी पलीकडे पाय टाकला आणि पाय थांबलाच नाही.

ते शेततळं होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. खड्डा खणून त्यात जाड काळी प्लास्टिकची पन्नी अंथरतात, पाणी मुरू नये म्हणून. पाणी खरंच मुरत नाही, आणि आत पडलेलं काही बाहेरही येत नाही. कुत्री पडतात, रोही, म्हणजे नीलगाई, पडतात, माणसंही पडतात. पन्नीवर शेवाळ असतं, उतार असतो, धरायला काही नसतं. मी घसरत थेट पाण्यात गेले, गळ्यापर्यंत. पाणी इतकं गार, की छाती आवळून गेली. ओरडायला तोंड उघडलं, आवाज नाही. पायाखालची पन्नी घसरत होती आणि प्रत्येक हालचालीबरोबर मी तळ्याच्या मधल्या बाजूला चालले होते. हाताला मोटारीचा पाइप लागला. तो धरला. तोही हळूहळू माझ्याबरोबर यायला लागला.

मला पोहता येत नाही.

वर धुवारीत बाईंचा आवाज ऐकू आला. आधी साधाच, रागावलेला. "उज्ज्वले! कोठी गेली वं?" मग जरा मोठा. "उज्ज्वले!" आवाज भलत्याच दिशेने जात होता, माझ्यापासून लांब. मी श्वास ओढत होते, पण शब्द काही बाहेर पडत नव्हता.

आणि मग तो आवाज फाटला. शाळेच्या मैदानावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तो आवाज मी कधी असा ऐकला नव्हता.

"उज्ज्वले, काय भाजी केली? काय भाजी केली वं? सांग ना! उज्ज्वले! काय भाजी केली?"

कोणी तिसऱ्याने ऐकलं असतं तर म्हणाला असता, बाई येडी झाली. मला मात्र काय झालं कोण जाणे. गेली काही वर्षं रोज पहाटे त्या प्रश्नाला उत्तर द्यायची जिभेला सवय लागली होती. मदत करा, वाचवा, असलं काही सुचलं नाही. तोंडातून आलं, "मेथी."

"आं?"

"मेथी! मेथीची! तळ्यात पडली मी! पाय नका टाकू, पन्नी हाय!"

थपथप थपथप. बाई आल्या. बांधावर पोटावर पडल्या, खाली हात घातला. हात पुरेना. मग त्यांनी अंगातला तो तांबडा स्वेटर काढला, एक बाही स्वतःच्या मुठीत आवळली आणि दुसरी खाली सोडली. मी पाइप सोडून बाही पकडली. लोकर ताणत गेली, ताणत गेली, पण तुटली नाही. "बोलत राय," बाई वरून म्हणत होत्या. "मेथीत काय टाकलं?"

"दाण्याचा कूट."

"लसूण?"

"टाकला."

"किती?"

"बाई, मी मरून राह्यली इथं!"

"मंग चांगलं हाय. बोलून राह्यली ना."

तेवढ्यात बॅटरीचा उजेड आला आणि मागोमाग दिगांबर. त्याने आधी उजेड बाईंवर टाकला, मग माझ्यावर. "अबे! दुकानवाल्या ताई!" तो म्हणाला. "मले वाटलं डुकरं हायेत!"

"दोरी आण रे लेकाच्या," बाई म्हणाल्या.

त्याने दोरी आणली, दोघांनी ओढलं, मी चिखलाच्या पोत्यासारखी वर आले. दिगांबरने आपलं जाड कांबळं माझ्या अंगावर टाकलं आणि शेकोटीत तुराट्या घातल्या. तो घाबरला होता. घाबरून तो भलतंच बोलत होता. "ताई, बंदूक मात्र मस्त हाय तुमची. एकाच बारात..." आणि मग त्याने टॉर्चच्या उजेडात बाईंचं तोंड नीट पाहिलं.

"पीटीच्या बाई?"

"दिग्या?"

चाळीशीचा माणूस, दोन पोरांचा बाप. तो ताठ उभा राहिला.

"डुक्कर कोण हाय रे आमच्यातलं?"

"कोणीच नाही, बाई."

"कान धर."

आणि दिगांबरने आपल्याच वावरात, हरभऱ्याच्या काठावर, कान धरून उठाबशा काढल्या. मी दातांवर दात वाजवत बसले होते, तरी मला हसू आलं. गुडघ्यांचा कडकड आवाज आल्यावर बाईंनी त्याला सोडलं. "रोज चालत जाय," त्या म्हणाल्या, "गुडघे गेले तुहे." त्याने मुकाट्याने कोळशावर तुरीच्या हिरव्या शेंगा भाजायला टाकल्या आणि चहा ठेवला.

मी शेकत होते.   बाई तो स्वेटर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एक बाही लांबून गुडघ्याच्या खाली गेली होती. ती त्या पिळत होत्या, सरळ करत होत्या, पुन्हा पिळत होत्या.

"दुसरा घेऊ, बाई," मी म्हटलं.

"सरांचा हाय," त्या म्हणाल्या. मग शेकोटीकडे पाहत, "याच पांदणीनं महादेवाले जात होतो आमी. मी पुढं. मले हळू चालता येत नाही, तुले तं मालूम हाय. त्याईचं आपलं सावकाश. मी बोलत राहो, ते मांगून हूं हूं करत."

दिगांबर शेंगा उलटवायचा थांबला.

"त्या दिवशी म्या इचारलं, आज काय भाजी करू? हूं आलं नाही. मले राग आला. म्हटलं, रोजचंच हाय, भाजीचं नाव घ्याले या माणसाची जीभ दुखते. फुगली अन् तशीच चालत राह्यली. पार महादेवाच्या पायऱ्यांपर्यंत." त्यांनी बाहीची घडी घातली. "मांगं वळून पायलं, तं पांदण रिकामी."

शेंगा जळायचा वास यायला लागला. 

"डॉक्टर म्हणे, झटका मोठा होता, तुमी लगेच पायलं असतं तरी काही झालं नसतं. असंल. डॉक्टर काही त्याईच्या पुढं चालत नव्हता."

 मी एक शेंग सोलली, दाणे त्यांच्या हातावर ठेवले आणि म्हटलं, "चला. दुकान उघडाचं हाय."

दिगांबर मोटारसायकलवर सोडतो म्हणाला. बाईंनी नको सांगितलं. ओल्या अंगाने गाडीवर वारा लागतो, चाललेलं बरं, हे त्यांचं कारण. उजाडत आलं होतं. पांदणीच्या तोंडाशी मी थांबले. बाई सवयीने माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, तुमी समोर व्हा," मी म्हटलं.

"कायले?"

"माझे बूट पाण्यानं भरले. मी हळू चालणार."

"मंग मी मांगंच बरी."

"व्हा म्हटलं ना समोर. गिऱ्हाइकावर ओरडते तशी ओरडू काय?"

त्या पुढे झाल्या. चार पावलं टाकली की वळून पाहत, पुन्हा चार टाकली की पुन्हा वळत. मी म्हटलं, "मागं नका पाहू, खड्ड्यात पाय जाईल. मी बोलत राहते." आणि बोलायला लागले. मी एरवी बडबडी नाही. पण त्या पांदणीत मी मालकांच्या घोरण्यापासून फवाऱ्याच्या बिघडलेल्या नोझलपर्यंत सगळं सांगितलं. नणंदेने पाठवलेल्या लोणच्याला बुरशी आली, तेही सांगितलं. कोणाला सांगणार नव्हते, पण सांगितलं. हळूहळू बाईंचं वळून पाहणं कमी झालं. मग थांबलं. लांबलेल्या बाहीचा तो स्वेटर अंगात, बाहीचं टोक हाताबाहेर लोंबतंय, आणि पाठ ताठ. मी त्यांची पाठ त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. इतक्या वर्षांत मला ती कधी दिसलीच नव्हती, दिसणार कशी?

रस्ता दिसायला लागला तेव्हा माझ्याजवळचं बोलणं संपलं. मी श्वास घ्यायला थांबले. तेवढ्यात समोरून, वळून न पाहता, बाईंनी विचारलं,

"उज्ज्वले, आज काय भाजी करू?"

माझं डोकं थंडीने गोठलेलं. एक भाजी आठवेल तर शपथ. पण वेळ घालवून चालणार नव्हतं.

"वांग्याची!" मी ओरडले. इतक्या जोरात, की तुरीतून चिमण्यांचा थवा उडाला.

बाईंचं पाऊल एका जागी क्षणभर अडलं.

"वांगी नाहीत घरी," त्या म्हणाल्या.

"माझ्या घरून न्या!"

"किती?"

"चार!"

"चार कायले? मी एकटी."

"मी येते ना जेवाले!"

 त्या चालायला लागल्या, मग भरभर, आणि मग खरोखरच धावायला लागल्या, त्यांच्या स्वतःच्या वेगाने. माझे बूट पचक पचक करत होते, दिगांबरचं कांबळं खांद्यावरून घसरत होतं. आवाज पोचेल इतकं जवळ राहायला मला जिवाच्या आकांताने धावावं लागलं. धावले.